कागद कुणाच्या टेबलावर आहे?

ऑक्टोबर 2011 मधली एक सकाळ. फ्लोरिडाच्या टर्नपाइक महामार्गावर राज्य महामार्ग पोलिसांच्या एका महिला अधिकाऱ्याने पाठलाग करून एक मोटार अडवली आणि चालकाला बेड्या घातल्या. मोटारीचा वेग ताशी 120 मैल, म्हणजे 190 किलोमीटरच्या वर होता. चालक मायामी शहर पोलीस दलातला आणि मोटारही दलाचीच. तो कुठल्या गुन्हेगाराच्या मागे लागला नव्हता. ड्युटीबाहेर घेतलेल्या एका कामावर पोहोचायला त्याला उशीर होत होता, एवढंच.

फोर्ट लॉडरडेलच्या ‘सन सेंटिनेल’ दैनिकातल्या सॅली केस्टिन आणि जॉन मेन्स या पत्रकारांना या बातमीच्या पुढचा प्रश्न पडला. हा एकच बेफाम चालक, की पोलिसांची ही रोजचीच सवय? आणि सवय असेल, तर ती सिद्ध कशी करायची? पोलीस सहसा पोलिसाच्या नावाने पावती फाडत नाही. त्यामुळे दंडाच्या पावत्या चाळून हाती काही लागणार नव्हतं. गुन्ह्याची नोंदच झालेली नाही, तर मागायचं तरी काय?

उत्तर टोलनाक्यावर होतं. आपल्याकडच्या फास्टॅगसारखी फ्लोरिडात ‘सनपास’ नावाची व्यवस्था आहे. पोलिसांच्या मोटारींनाही सनपास लावलेला असतो आणि नाक्याखालून मोटार गेली की तारीख आणि वेळ नोंदली जाते. खासगी माणसाची टोलची माहिती कायद्याने गोपनीय आहे. सरकारी पैशाने घेतलेल्या सरकारी मोटारीची नाही. पत्रकारांनी पोलीस दलांच्या सनपासच्या नोंदी मागितल्या. दहा लाखांहून अधिक नोंदी आल्या. मग दोघे मोटारीत जीपीएस घेऊन महामार्गांवरून फिरले आणि एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यापर्यंतचं अंतर त्यांनी स्वतः मोजलं. पुढचं गणित शाळेतलं आहे. समजा, दोन नाक्यांमध्ये 10 मैल आहेत आणि दोन नोंदींमध्ये 5 मिनिटांचं अंतर आहे, तर वेग ताशी 120 मैल. इथे रडार लागत नाही आणि साक्षीदारही लागत नाही.

13 महिन्यांच्या नोंदींतून जवळपास 800 पोलीस ताशी 90 ते 130 मैलांच्या वेगाने मोटारी हाकताना सापडले, आणि त्यांतले कितीतरी घरून कामावर किंवा कामावरून घरी निघालेले होते. अपघातांची कागदपत्रं तपासल्यावर कळलं की वेगमर्यादा ओलांडणाऱ्या पोलिसांच्या मोटारींनी 2004 पासून किमान 320 अपघात केले होते आणि त्यांत 19 जणांचा जीव गेला होता. ही मालिका 2012 च्या फेब्रुवारीत छापून आली. पोलीस दलांनी चौकशा लावल्या, कित्येकांना शिक्षा झाल्या, आणि 2013 चं लोकसेवेसाठीचं पुलित्झर पारितोषिक या दैनिकाला मिळालं.

या गोष्टीत सरकारी कागद शोधण्याची सगळी विद्या आलेली आहे. टोल खात्याने त्या नोंदी पोलिसांवर नजर ठेवायला केल्या नव्हत्या, पैसे वसूल करायला केल्या होत्या. प्रत्येक सरकारी कागद कुणीतरी, कुठल्यातरी कामासाठी तयार केलेला असतो. ते काम कोणतं हे ओळखता आलं की कागद कुणाच्या टेबलावर असेल ते कळतं. हक्क कायदा देतो, पण टेबल मागणाऱ्यालाच शोधावं लागतं. बहुतेकांचे अर्ज फसतात ते इथेच.

अमेरिकेत या हक्काचा कायदा एक नाही. 1966 चा माहिती स्वातंत्र्याचा केंद्रीय कायदा फक्त संघराज्याच्या खात्यांना लागू होतो. शाळा, पोलीस, जमिनी, बांधकाम परवाने, पाणीपुरवठा ही माणसाच्या रोजच्या जगण्यातली सगळी खाती राज्यं, काउंट्या आणि शहरांकडे आहेत, आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. काही राज्यं फक्त स्वतःच्या रहिवाशांनाच कागद देतात. व्हर्जिनियाच्या अशा अटीला आव्हान दिलं गेलं, तेव्हा 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने वैध ठरवली.

फ्लोरिडाची परंपरा याच्या अगदी उलट आहे. सरकारी दप्तर सर्वांना खुलं असावं असा कायदा तिथे 1909 मध्येच झाला. 1967 मध्ये सरकारी मंडळांच्या बैठका लोकांसमोर घेण्याचं बंधन आलं. या राज्याचं टोपणनावच ‘सनशाइन स्टेट’, आणि या सगळ्या कायद्यांना लोक ‘सनशाइन लॉ’ म्हणतात. पुढे हा दप्तराचा कायदा विधिमंडळाला लागू होत नाही असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तेव्हा फ्लोरिडाच्या मतदारांनी नोव्हेंबर 1992 मध्ये 80 टक्क्यांहून अधिक मतांनी तो हक्क थेट राज्यघटनेतच घातला. तेव्हापासून राज्यपाल, आमदार, न्यायसंस्था सगळे त्याच्या कक्षेत आले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला माहितीचा अधिकार परका नाही. जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, पहिलं अपील, दुसरं अपील, राज्य माहिती आयोग हा रस्ता हजारोंनी तुडवलेला आहे. या सवयीने फ्लोरिडाकडे पाहिलं तर आधी हायसं वाटतं आणि मग काळजी वाटते. तिथे नागरिक असण्याची अट नाही. आपला 2005 चा कायदा भारतीय नागरिकापुरताच आहे, फ्लोरिडाची घटना मात्र ‘प्रत्येक व्यक्ती’ म्हणते. त्यामुळे पुण्यात बसून टँपा शहराला ईमेल धाडणाऱ्याचा हक्क तिथल्या रहिवाशाइतकाच असतो. ठरावीक नमुना नाही. कारण सांगावं लागत नाही, आणि एरवी नावही सांगावं लागत नाही. अर्ज लेखी असलाच पाहिजे असंही नाही. खिडकीवर जाऊन तोंडी मागितलं तरी कायद्याच्या दृष्टीने ती मागणीच. पण तीस दिवसांसारखी ठाम मुदत तिथे नाही. मागणीची पोच लगेच द्यावी, प्रामाणिकपणे शोध घ्यावा आणि वाजवी वेळात कागद द्यावेत, इतकंच कायदा म्हणतो. माहिती आयोगही नाही. अडलं तर थेट न्यायालय गाठायचं. मुदत आणि आयोग या दोन बाबतींत आपला कायदा सामान्य माणसाच्या जास्त बाजूने उभा आहे, हे मान्य करायला हवं.

बरेच कागद तर मागावेही लागत नाहीत. फ्लोरिडात 67 काउंट्या आहेत आणि बहुतेक सर्व काउंट्यांत ‘क्लर्क ऑफ द कोर्ट’ या पदावर लोक मतदान करून माणूस निवडतात. नावात क्लर्क असला तरी हा कारकून नव्हे. न्यायालयाचं दप्तर त्याच्याकडे असतंच, शिवाय खरेदीखतं, गहाणखतं, बोजे आणि न्यायालयीन डिक्र्या यांची नोंदणीही बहुतेक ठिकाणी त्याच्याच कार्यालयात होते. आपल्याकडचं दुय्यम निबंधक कार्यालय आणि कोर्टाचं रेकॉर्ड रूम एका छताखाली यावं, असा हा प्रकार आहे. 1990 पासूनच्या नोंदींची नावनिशीवार सूची इंटरनेटवर ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. दुसरं कार्यालय ‘प्रॉपर्टी अप्रेझर’चं, म्हणजे करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं. त्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की मालकाचं नाव, क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, आधीच्या विक्रीच्या किमती, बहुधा नकाशासुद्धा, असं सगळं फुकट दिसतं.

समजा, ऑर्लँडोच्या आसपास एखादं मराठी कुटुंब घर बघतं आहे. दलाल एक किंमत सांगतो. शेजारचं घर खरंच कितीला गेलं, हे त्याच्या शब्दावर विसंबून राहण्याचं कारण नाही. खरेदीखत उघडलं की वरच्या भागात मुद्रांक शुल्काचा आकडा छापलेला दिसतो. मायामी-डेड काउंटी सोडली, तर राज्यभर दर 100 डॉलरला 70 सेंट असा दर आहे. शुल्क 2,800 डॉलर असेल तर घर चार लाख डॉलरला विकलं गेलं. खतात किंमत म्हणून ‘दहा डॉलर आणि इतर मोबदला’ असं ठोकळेबाज वाक्य असलं तरी शुल्क खरा आकडा सांगून जातं. मुद्रांक तिजोरी भरायला लावलेला होता, तरी खरेदीदाराला तो किंमत सांगतो, जसा सनपास पत्रकारांना वेग सांगत होता.

याच नोंदीत एक खाचही आहे. नव्याने घर घेणारे हमखास तिच्यात अडखळतात. राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला 3 टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, अशी तरतूद फ्लोरिडात 1995 पासून लागू आहे. त्यामुळे वीस वर्षं त्याच घरात राहिलेल्या मालकाचा कर फार कमी दिसतो. घर विकलं गेलं की पुढच्या 1 जानेवारीला मूल्य पुन्हा बाजारभावावर येतं. विकणाऱ्याची करपावती पाहून महिन्याचा हिशेब मांडणाऱ्याच्या हाती पुढच्या वर्षी भलताच आकडा पडतो. अप्रेझरच्या पानावर ‘बाजारमूल्य’ आणि ‘करपात्र मूल्य’ हे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. त्यांतली तफावत बघायला दोन मिनिटं लागतात.

बोजांचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. बँकेचं गहाण, कंत्राटदाराची थकबाकी, मालकाविरुद्धची डिक्री, जप्तीचा दावा सुरू असल्याची सूचना हे सगळं क्लर्कच्या नोंदींत नावाने शोधलं की सापडतं. न सापडणाऱ्या गोष्टी शहराच्या टेबलावर असतात. परवाना घेऊन अर्धवट सोडलेलं बांधकाम, पाण्याचं थकलेलं बिल, नियमभंगाची चालू नोटीस या गोष्टी क्लर्ककडे पोहोचलेल्याच नसतात. त्यासाठी शहराच्या इमारत विभागाकडे आणि इतर संबंधित खात्यांकडे वेगळी मागणी करावी लागते. सातबारा पाहिला, पण गावठाणातलं ग्रामपंचायतीचं दप्तर पाहिलं नाही, तर काय होतं हे महाराष्ट्रात जमिनी घेणाऱ्यांना सांगायला नको. आणि मृत्युपत्रं, घटस्फोटाचे खटले, मृत्यूचे दाखले यांच्या प्रती क्लर्कच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवायला कायद्याने मनाई आहे. इंटरनेटवर दिसत नाही म्हणजे कागदच नाही, असं समजू नये. मृत्युपत्राची फाइल कार्यालयात जाऊन बघता येते.

इमारत विभागाच्या दप्तराचं मोल साऱ्या अमेरिकेला 2021 मध्ये कळलं. 24 जूनच्या मध्यरात्रीनंतर मायामीजवळच्या सर्फसाइड गावात चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही समुद्रकाठची बारा मजली इमारत कोसळली. 98 माणसं गेली. दोन दिवसांच्या आत गावाच्या प्रशासनाने इमारतीची फाइल लोकांसमोर ठेवली. त्यात सल्लागार अभियंत्यांचा ऑक्टोबर 2018 चा अहवाल होता. जलतरण तलावाच्या भोवतालच्या सज्जाखाली पाणी साचतं आहे, तिथल्या काँक्रीटच्या लादीला मोठं संरचनात्मक नुकसान झालं आहे आणि लवकर दुरुस्ती केली नाही तर ते झपाट्याने वाढत जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. 2018 च्याच नोव्हेंबरमध्ये रहिवाशांच्या मंडळाच्या एका सदस्याने हा अहवाल गावच्या इमारत अधिकाऱ्याला ईमेलने पाठवला होता. दोन दिवसांनी झालेल्या रहिवाशांच्या बैठकीच्या इतिवृत्तात मात्र इमारत उत्तम स्थितीत असल्याचं त्या अधिकाऱ्याने सांगितल्याची नोंद आहे. अहवाल, ईमेल आणि इतिवृत्त हे तिन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय हा विसंवाद कुणाला दिसला नसता. अडीच वर्षं ते तसेच पडून होते. कागद खुला आहे एवढ्याने माणसं वाचत नाहीत, हे या फाइलीचं सगळ्यात जिव्हारी लागणारं सत्य आहे.

2022 मध्ये राज्याने कायदा केला. तीन किंवा अधिक मजल्यांच्या सामायिक मालकीच्या इमारतींची तीस वर्षांनंतर ठरावीक पाहणी झालीच पाहिजे, आणि तो अहवाल स्थानिक प्रशासनाकडे गेलाच पाहिजे. फ्लोरिडात फ्लॅट घेणाऱ्याने पहिल्या दिवशी मागायचा कागद हाच.

आता प्रत्यक्ष मागणी. ‘अमुक इमारतीची सगळी माहिती द्या’ असा अर्ज फुकट जातो, कारण कायदा कागद देतो, उत्तरं देत नाही. प्रश्नाला उत्तर देणं किंवा नवा तक्ता तयार करून देणं खात्यावर बंधनकारक नाही. तेच ‘1 जानेवारी 2022 ते 31 डिसेंबर 2023 या काळात अमुक पत्त्याच्या इमारतीच्या पाहणीचे अहवाल, आणि त्या अहवालांबाबत इमारत विभागाच्या अधिकाऱ्यांना आलेले व त्यांनी पाठवलेले ईमेल’ असं लिहिलं, तर समोरच्या कारकुनाला कुठला कप्पा उघडायचा ते कळतं. काळ, विषय, कार्यालय आणि कागदाचा प्रकार, एवढं असलं की पुरे. ‘संगणकीय स्वरूपात असेल तर त्याच स्वरूपात द्या’ ही ओळ जोडावी, कारण खात्याकडे ज्या रूपात नोंद आहे त्या रूपात ती मागता येते. हजार पानांचा छापील गठ्ठा आणि एक एक्सेल फाइल यांत किती फरक असतो, हे सनपासवाल्या पत्रकारांना विचारावं.

खात्याकडे कुठल्या प्रकारचे कागद असतात, हेच माहीत नसेल तर? यावर एक उत्तम उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. कोणता कागद किती वर्षं जपायचा आणि केव्हा नष्ट करायचा याची वेळापत्रकं फ्लोरिडाच्या राज्य ग्रंथालय व अभिलेखागाराने प्रसिद्ध केली आहेत. राज्य आणि स्थानिक खात्यांसाठीच्या सर्वसाधारण वेळापत्रकाचं नाव जीएस1-एसएल. दिसायला रटाळ, पण खात्यातला प्रत्येक प्रकारचा कागद त्यात नावानिशी दिलेला आहे. अर्जात तेच नाव लिहिलं की ‘असा कागद आमच्याकडे नसतो’ म्हणायला जागा राहत नाही. कागद जपण्याची मुदत संपायच्या आत मागणी करायला हवी, हेही त्यातूनच कळतं.

पैशांचंही आधी समजून घ्यावं. एका बाजूच्या साध्या प्रतीला 15 सेंट, दोन्ही बाजूंना 20, प्रमाणित प्रतीला एक डॉलर. क्लर्कच्या कार्यालयाचे दर वेगळे असतात, तिथे बहुधा पानाला एक डॉलर पडतो. खरा फटका मात्र पानांचा नसतो. शोधायला, तपासायला फार वेळ लागणार असेल तर खातं कर्मचाऱ्याच्या वेळेचे पैसे मागू शकतं, आणि मोघम मागणीचं बिल हजारो डॉलरांवर जाऊ शकतं. म्हणून आधी खर्चाचा अंदाज लेखी मागावा आणि आकडा मोठा आला तर मागणी आवळावी. कार्यालयात जाऊन कागद नुसता बघायला प्रतीचे पैसे पडत नाहीत. स्वतःच्या फोनवर फोटो काढायलाही कायद्याची मुभा आहे.

कोणता कागद सरकारी, हा वाद जुना आहे. जॅक्सनव्हिल शहराच्या वीज मंडळासाठी प्रमुख शोधणाऱ्या सल्लागारांच्या टिपणांवरून खटला झाला. त्यात 1980 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली. सरकारी कामातली माहिती जपण्यासाठी, कळवण्यासाठी किंवा पक्की करण्यासाठी जे तयार केलं ते सार्वजनिक. स्वतःपुरती खरडलेली टिपणं नाहीत. म्हणजे महत्त्व मजकुराला आहे. अधिकाऱ्याने स्वतःच्या फोनवरून कामाचा मेसेज पाठवला तर तो सार्वजनिक. 2003 मध्ये क्लिअरवॉटर शहराच्या खटल्यात तीच कसोटी उलट्या बाजूने लागली. सरकारी संगणकावरून पाठवलेले कर्मचाऱ्यांचे खासगी ईमेल सार्वजनिक नाहीत, असा निकाल आला. अर्जदाराने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याने पाठवलेला अर्जही सरकारी दप्तरात जातो आणि उद्या दुसरा कुणी तो मागू शकतो.

या मोकळेपणाने माणसं दुखावली जातात, हेही खरं आहे. अटकेचे अहवाल आणि फोटो फ्लोरिडात झटपट मिळतात. ‘फ्लोरिडा मॅन’ नावाने जगभर फिरणाऱ्या विचित्र बातम्यांचं हे एक मोठं कारण. नशेत किंवा आजारात काहीतरी करून बसलेल्या माणसाचा चेहरा इंटरनेटवर कायमचा राहतो, खटला पुढे टिकला नाही तरी. ज्या कायद्याने सत्तेला उघडं करायचं, त्याने दुबळ्याला उघडं पाडलं की कायद्याचंच नुकसान होतं, कारण मग दारं बंद करायला सबळ कारण मिळतं.

2001 मध्ये तसंच झालं. मोटार शर्यतीतला लाडका खेळाडू डेल अर्नहार्ट 18 फेब्रुवारीला डेटोनात अपघातात गेला. ‘ऑर्लँडो सेंटिनेल’ला शवविच्छेदनाचे फोटो छापायचे नव्हते. डोक्याला आणि मानेला आधार देणारं साधन असतं तर तो वाचला असता का, हे तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं होतं. कुटुंबाला मात्र ते फोटो कुणाच्याही हाती पडणं सहन होण्यासारखं नव्हतं. लोकभावना कुटुंबाच्या बाजूने होती. विधिमंडळाने मार्चच्या अखेरीस असे सगळे फोटो बंद करणारा कायदा केला. वृत्तपत्र आणि कुटुंब यांच्यातल्या तडजोडीतून एका स्वतंत्र तज्ज्ञाने ते पाहिले, आणि मृत्यूचं कारण मानेला बसलेला झटका व त्यातून झालेला कवटीच्या तळाचा अस्थिभंग हे असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शर्यतीच्या संघटनेने मानेच्या आधाराचं साधन सक्तीचं केलं. कुटुंबाचं दुःख खरं होतं आणि वृत्तपत्राचा प्रश्नही खरा होता. एका तज्ज्ञाला पाहू देण्याची ती तडजोड दोन्ही बाजूंना न्याय देणारी ठरली.

दप्तर झाकणारे असे कायदेशीर अपवाद आज हजाराच्या वर गेले आहेत. नवा अपवाद आणायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, आणि पाच वर्षांनी फेरविचार करून तो पुन्हा मंजूर केला नाही तर तो आपोआप संपतो. तरीही यादी वाढतेच आहे. 2023 मध्ये राज्यपालांच्या प्रवासाच्या पोलिसांकडच्या नोंदी, अगदी झालेल्या प्रवासाच्यासुद्धा, गोपनीय करण्यात आल्या. सुरक्षेचं कारण पुढच्या दौऱ्यांना लागू पडतं. मागच्या वर्षीचं विमान कुठे गेलं आणि खर्च किती झाला, यात लपवण्यासारखं काय होतं, याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

कागदाचा काही भाग अपवादात बसत असेल तर तेवढाच झाकून बाकीचा द्यावा लागतो, आणि कोणत्या कलमाखाली झाकला तेही सांगावं लागतं. हे कलम अर्जदाराने दर वेळी मागून घ्यावं. पार्कलंडच्या शाळेत 14 फेब्रुवारी 2018 रोजी 17 जणांची हत्या झाली. त्यानंतर हल्लेखोर विद्यार्थ्याच्या शालेय इतिहासाचा अहवाल ब्राउवर्ड काउंटीच्या शाळा मंडळाने ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केला. अर्ध्याहून जास्त मजकुरावर काळ्या पट्ट्या होत्या. वाचकांच्या लक्षात आलं की मजकूर कॉपी करून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवला की पट्ट्या नाहीशा होतात. ‘सन सेंटिनेल’ने तो छापला. विशेष शाळेत परत जायचं आहे असं त्या मुलाने सांगितलं होतं आणि मंडळाने ते नीट हाताळलं नव्हतं, हे पट्ट्यांखाली होतं. मंडळाने वृत्तपत्राविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, न्यायाधीशांनी पत्रकारांना खडसावलंही. पट्ट्या विद्यार्थ्याच्या खासगीपणासाठी होत्या असं मंडळ म्हणत होतं. त्यांच्याखाली मंडळाच्याच चुका निघाल्या.

कागद आलाच नाही तर पहिलं पाऊल चौकशीचं. बरेचदा अर्ज चुकीच्या टेबलावर पडलेला असतो. खात्यांनी दप्तराच्या ताबेदार अधिकाऱ्याचा संपर्क जाहीर करायचा असतो, त्याच्याकडेच लेखी स्मरणपत्र जावं. राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात 1995 पासून मोफत मध्यस्थीची सोय आहे, आणि खातं तयार असेल तर पुष्कळ वाद तिथेच मिटतात. त्यानंतर न्यायालय. अशा दाव्यांना सुनावणीत प्राधान्य मिळतं आणि खात्याने बेकायदा नकार दिल्याचं ठरलं तर वकिलाचा खर्च खात्यावर पडतो. मात्र दाव्याच्या किमान पाच कामकाजाचे दिवस आधी ताबेदाराला लेखी सूचना दिलेली असली पाहिजे. ही अट 2017 मध्ये आली. त्याआधी काहींनी अर्जांचा धंदाच मांडला होता. गल्फ स्ट्रीम या हजारभर वस्तीच्या गावावर मूठभर लोकांनी हजाराहून अधिक मागण्यांचा मारा केला होता. आता मागणीमागे छळाचा हेतू होता का, हेही न्यायाधीश तपासतात. हक्काचा असा गैरवापर झाला की पुढच्या प्रामाणिक अर्जदाराकडेही संशयाने पाहिलं जातं.

टेबल चुकलं की हक्क असूनही काय होतं, हे पाम बीचमधला धनाढ्य लैंगिक गुन्हेगार जेफ्री एपस्टाइन याच्या प्रकरणात दिसलं. स्थानिक पोलिसांनी 2005-06 मध्ये केलेल्या तपासाचे अहवाल सार्वजनिक दप्तरात मिळत होते. ‘मायामी हेराल्ड’च्या ज्युली ब्राउन यांनी 2018 च्या आपल्या मालिकेसाठी ते वापरले. पण त्याच तपासानंतर 2006 मध्ये ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, काय घडलं, याचं टिपण दप्तराच्या कायद्याखाली येतच नव्हतं. ग्रँड ज्युरीच्या गुप्ततेचा कायदा वेगळा आहे. ‘पाम बीच पोस्ट’ने 2019 मध्ये दावा लावला आणि वर्षानुवर्षं त्यावर खल चालला. शेवटी विधिमंडळाला तो दुसरा कायदाच बदलावा लागला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यावर सही झाली आणि तो लागू झाला त्याच दिवशी, 1 जुलैला, न्यायाधीशांनी दीडशेहून अधिक पानं खुली केली. अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचाराच्या साक्षी सरकारी वकिलांनी 2006 मध्येच ऐकल्या होत्या, एपस्टाइनला सौम्य शिक्षेवर सोडणाऱ्या 2008 च्या तडजोडीच्या दोन वर्षं आधी, हे त्या पानांवर लिहिलेलं होतं.